चव्वेचाळीस तास

साक्रीच्या वर, पठारावर, दोन खोल्यांचं उपकेंद्र.
भोवती मोठ्या पवनचक्क्या. त्यांची वीज दूर कुठे जाते,
सावली तेवढी इथल्या बाजरीवरून फिरते.

मला काम होतं छोटं:
एक पलंग, चार दिवे, बाळाला ऊब देणारा दिवा,
लसींचा फ्रीज.
यांना वर्षभर वीज पुरवायची, तारेवाचून.

वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ.
प्रत्येकात मी ऊन भरलं, वारा भरला.
एप्रिलात वाटतं, आपल्याएवढं श्रीमंत कुणी नाही,
पण पंचेचाळीस अंशांत पॅनलही
माणसासारखंच दुपारी पाट्या टाकतं.
वारा आखाजीला सुटतो, रिकामे झोके हलवतो,
आखाडात माजतो,
आणि पोळा सरला की असा बसतो
की पिंपळाचं पान हलत नाही.

म्हणून बॅटऱ्या. आणि बॅटऱ्या थकल्या तर
हायड्रोजन, आणि त्याची वीज करणारा इंधनघट.
दिवसा उरलेल्या विजेनं पाणी फोडायचं,
रात्री तेच पुन्हा सांधायचं.
शेजारणीकडून वाटीभर पीठ आणावं तसं हे उसनं.
फरक इतकाच की
वीज दहा वाट्या दिली तर तीनच परत येतात,
पाणी मात्र जवळजवळ सगळं.

लॅपटॉप रात्रभर जुळवत बसला.
पॅनल दोन कमी, टाकी लहान, बॅटरी एक जास्त,
नको, पुन्हा.
सकाळी सगळ्यात स्वस्त उत्तर पडद्यावर.
त्याला मीच सांगितलं होतं,
वर्षात अर्धा टक्का अंधार चालेल.
अर्धा टक्का. चिमूटभरसुद्धा नाही.

देवकाबाई चौरे, सिस्टर, चहा गाळत होत्या.
‘म्हणजे किती?’
चव्वेचाळीस तास, मी म्हटलं. वर्षातून.
‘कोनता?’

तक्ता उघडला.
ते तास वर्षभर विखुरलेले नव्हते.
आश्विनात, ढगाळ दोन दिवसांच्या मागे,
रात्री तीन ते पाच,
एकमेकांना चिकटून बसलेले.

त्यांनी काही न बोलता
कपाटातून जन्मनोंदवही काढली.
तीन दहा. पावणेचार. चार वीस.
तीन पन्नास, मुलगी, दोन किलो शंभर.
शाई कुठे निळी, कुठे घाईची.

मग मी तासांना भाव लावला,
दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीला लावतात तसा, प्रतवारी करून.
दुपारी दोनचा अंधार स्वस्त,
पहाटे चारचा इतका महाग
की लॅपटॉपला तो घेणं परवडू नये.
उत्तर बदललं. टाकी मोठी झाली.
खर्च वाढला एक लाख नव्वद हजार.

समितीच्या अर्जात कारणासाठी
दोन ओळींचा रकाना.
मी नुसत्या वेळा उतरवल्या.
खालून प्रश्न आला: हे काय आहे?
पुन्हा त्याच वेळा लिहिल्या, जरा मोठ्या अक्षरात.

आश्विनात आरिफ पिंजारीचा फोन, रात्री तीनला.
‘मॅडम, वारा बंद, बॅटऱ्या उतरल्या.’
मी उठून बसले.
‘डबा आपला आपण सुरू झाला.’
फोनमधून पंख्याची बारीक घरघर
आणि मधूनच एक टप्.

त्या रात्री कुणीच आलं नाही.
रिकाम्या पलंगावर दिवा जळत राहिला,
लसी थंड राहिल्या,
देवकाबाई खुर्चीत पेंगत राहिल्या.
नळीखाली त्यांनी तांब्या ठेवला होता.
उजाडेपर्यंत भरला.
आरिफ म्हणाला, कोमट आहे, चव नाही काही.
देवकाबाईंनी तो उचलला
आणि गाळणीच्या बादलीत परत ओतला.
‘उसनं शे ना.’

ओतताना थोडं सांडलं.
तेवढी गळती
माझ्या हिशेबात नाही.