ओळंबा

सकाळी पावणेसातला धक्क्यावर जमायचं ठरलं होतं.
धक्का कुठला, तेच कळेना,
कारण समोर नदी नव्हती.
होतं क्रिकेटचं मैदान, दोन म्हशी
आणि एक उताणी होडी, तिच्यावर वाळत घातलेली गोधडी.

"हाच," दाऊद सोलकर म्हणाले,
आणि आम्हाला मोजलं
बंदरखात्यात उतरलेला माल मोजायचे तसं,
बोट न दाखवता, हनुवटीनं:
अठरा डोकी.

त्यांच्याकडे ना कर्णा, ना छापील नकाशा.
खांद्यावर दोरीचं वेटोळं फक्त,
टोकाला शिशाचा ओळंबा,
दर वावाला एक गाठ.
पहिल्या गाठीत तांबडी चिंधी, दुसरीत चामड्याचा तुकडा,
तिसरीत सुंभ,
"काळोखात हाताला कळावं म्हणून."

अर्जुना ओहोटीला लागली होती.
बांधावरून एकामागे एक चाललो,
उजवीकडे खाजण, डावीकडे शेंगा धरलेला कुळीथ,
दव, शेणाचा धूर, कुणाच्या तरी सनस्क्रीनचा वास.
लोटलीकर पुस्तक वाचून आले होते.
वखार कुणाची, कोणत्या साली, जकात किती,
प्रत्येक वळणावर सांगायचे,
आणि सोलकर प्रत्येक वळणावर म्हणायचे,
"असेल. मी नव्हतो."

साकवावर थांबून त्यांनी ओळंबा सोडला.
तांबडी चिंधी भिजली. चामडं कोरडंच.
"माझा आजा इथं चार गाठी भिजवायचा.
बाप तीन.
मला पगार दोनाचा मिळाला."
दोरी पिळली, कपडा पिळावा तशी,
आणि चालू लागले.

पुढे जांभ्याच्या पायऱ्या. दिसतात चार.
जाधवबाईंचा अर्हत, वय नऊ,
म्हणाला, तुम्ही तर सतरा म्हणालात.
"आहेत की. गेल्या नाहीत कुठं.
आपणच वर आलो."

माझा गुडघा दुखरा, मी तिथंच टेकले.
खाली अजून तेरा आहेत हे ठाऊक असताना
चौथ्या पायरीवर बसणं वेगळं असतं,
थोडं चोरट्यासारखं.
गाळाला उकडलेल्या अंड्याचा वास.
तिसऱ्या गोळा करणाऱ्या दोन बाया
चिखलात वाकलेल्या, त्यांनी मान वर केली.
एकीनं विचारलं, "काय हरावला तुमचा?"
कुणालाच उत्तर देता येईना.

आणि तेवढ्यात हरवलंच.
अर्हतनं पाचवी शोधायला पाय घातला,
पोटरीपर्यंत गेला,
वर आला तो पाय एकटाच.
सोलकरांनी बाही सारली,
खांद्यापर्यंत हात आत,
डोळे मिटून, गाठी चाचपाव्या तसं,
बराच वेळ.
लोटलीकरांनी पुस्तक पिशवीत टाकलं.
मग हात निघाला, काळा, रिकामा.
"पाचवी आहे," एवढंच म्हणाले.

साडेदहाला परत धक्क्यावर, कोकम सरबत.
अर्हतच्या एका पायाला प्लॅस्टिकची पिशवी, वर रबरबँड,
आणि चालण्यात एक नवीनच ऐट.
म्हशी उठून गेल्या होत्या.
सोलकरांनी खिशातून वही काढली,
बंदरखात्याचीच असावी, रकाने आखलेली.
पुन्हा मोजलं, या खेपेला खाली बघत,
आणि लिहिलं.
मी डोकावून वाचलं:

पौष वद्य चतुर्थी. पाणी सव्वा वाव.
डोकी अठरा. बूट पस्तीस.