बोथट नाकाच्या गोळ्या

तांबट आळीत दिवसभर ठोके,
आमच्याकडे मात्र गुरुवारी दुपारनंतर शांत.
दादा दाराला कडी घालायचे.
देवळालीहून एरचशेठचं पुडकं आलेलं असायचं,
रिकाम्या पितळी पुंगळ्या, पंचवीस-तीस,
मागच्या शिकारीचा जळका वास अजून पोटात धरून.

मी बारा वर्षांची. माझं काम कानाचं.
पुंगळी चिमटीत धरायची, नखाने टिचकी मारायची.
टण् म्हणाली तर डावीकडे.
थट् म्हणाली तर तडा आहे, दिसो न दिसो,
ती मोडीत.
हंड्याचा तडा ओळखतेस, ही तर बोटाएवढी घागर,
दादा म्हणायचे.

शिसं कल्हईच्या भट्टीवरच वितळायचं.
कथील किती टाकायचं ते दादांच्या चिमटीला ठाऊक.
नुसतं शिसं मऊ, नळीला आतून चोपडून बसतं.
कथील जास्त झालं की गोळी न फुलता आरपार जाते
आणि जनावर चालत राहतं
आपलं मरण बरोबर घेऊन.

नाक बोथटच हवं.
ह्या रायफलीत काडतुसं पोटाखालच्या नळीत झोपतात,
गंगेवरून पाणी घेऊन येणाऱ्या बायांसारखी
एकीमागे एक, हिचं नाक तिच्या पाठीला.
आणि पाठीलाच तर टोपी असते.
टोकदार गोळी घातलीस अन् धक्का बसला
तर शेठच्या हातातच दिवाळी.
एरचशेठ हे ऐकून फार हसायचे.
कडी खाली-वर करून दाखवायचे, खट-खटक,
जणू शिवणयंत्र.

मग निवडायच्या.
काचेवर घरंगळवून बघायच्या, लंगडते का.
सराफाकडून आणलेल्या काट्यात एकेक तोलायची.
सुरकुती पडलेली परत कढईत,
कड मोडलेली परत कढईत.

त्या गुरुवारी एक निघाली.
वरून चोख, नाक गुळगुळीत,
पण पारडं वर राहिलं.
पोटात बुडबुडा.
काट्याने मला सांगितलं.
मी दादांना सांगितलं नाही.

मागच्या खेपेला जीपमध्ये भेकर पाहिलं होतं.
डोळ्यावर माशी चालत होती आणि पापणी हलत नव्हती.
मला वाटलं, हलकी आहे, भरकटेल,
एक तरी वाचेल.
चांगल्या पाचांत ती सहावी ठेवली.

भरकटली.
पण रानाबाहेर नाही गेली.

सोन्या भोये सांगत होता, आमच्या ओट्यावर बसून,
बशीतला चहा फुंकत, कुणावर न चिडता.
हरसूलच्या पुढे, सागाखाली, जबड्याला लागली.
दोन दिवस तो रक्तामागे हिंडला,
पानावर थेंब, मग दगडावर, मग काहीच नाही.
तिसऱ्या सकाळी ओहोळात उभं होतं,
तोंड पाण्यात घालून.
पिता येत नव्हतं.
कोयत्यानं सोडवलं, म्हणाला,
आणि बशी उपडी ठेवली.

दादांनी काटा खाली घेतला.
धोतराच्या सोग्याने दोन्ही पारडी पुसली,
बराच वेळ पुसली.
माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या गुरुवारी तेवीस गोळ्यांतून मी चारच काढल्या.
एकोणीस कढईत.
एरचशेठ म्हणाले, पोरी, चारमध्ये काय होतंय?
मी म्हटलं, एक लागते.

दोन-तीन वर्षांत कायदा आला.
रायफल ठाण्यात जमा झाली, शेठ पुण्याला गेले,
सोन्याचा मुलगा आता त्याच रानात
वनखात्याची खाकी घालून हिंडतो.

दुकान मी चालवते. समया, पंचपाळी, क्वचित एखादा हंडा.
साचा गल्ल्याखाली आहे, बिजागरी गंजलेली.
गिऱ्हाईक घाईत असतं.
बाई, बांधून द्या की, किती वाजवून बघता,
दिवाच तर लावायचाय.

मी परत टिचकी मारते.
आवाज पूर्ण विझेपर्यंत
हात पुढे करत नाही.