दुधाचा हिशोब

रंगारी मोरीचं दार खरवडत होता. म्हणाला,
साहेब, खाली कोळशाच्या रेघा आहेत,
दुधाचा हिशोब का?

दांडिया बाजारात, आमच्या वरच्या खोलीत
तेव्हा दुल्लभ राहायचा. जोहान्सबर्गचा,
फाइन आर्ट्सला आलेला, आईच्या आमटीवर खूष.
त्रेसष्ट साल. तिकडे त्याच्या भावाला, रणछोडला,
उचललं होतं.
मी अकरा वर्षांचा. विचारलं, गुन्हा काय?
म्हणाला, गुन्हा असता तर तारीख पडली असती.

नव्वद दिवस ठेवता येतं, कायदाच तसा.
वकील नाही, कोर्ट नाही,
वाचायला एक बायबल.
रोज सकाळी दात घासता घासता
दुल्लभ चित्रांच्या कोळशाने दारामागे एक रेघ मारायचा.
पाचवी, आडवी, माझी.
नव्वदाव्या दिवशी कुमुदताईने शिरा केला.

चार दिवसांनी वहिनीची तार.
सोडलं होतं. फाटकाबाहेर आला,
घरी फोन करायला रस्ता ओलांडला,
तिथेच पुन्हा धरलं.
दुल्लभने ओल्या पंचाने सगळं दार पुसलं
आणि एक रेघ मारली.

छाहत्तरच्या मार्चात, गांधीनगरचं सरकार पडलं
त्याच आठवड्यात, कुमुदताईला न्यायला आले.
इन्स्पेक्टर ओळखीचा. बूट बाहेर काढून आत आला.
कागदावर लिहिलं होतं, मिसा.
आईला वाटलं, कुणा बाईचं नाव.

मंगळवारी धुतलेले कपडे द्यायचे, मळके आणायचे.
आई एकेक शिवण उसवून बघायची, चिठ्ठी असेल म्हणून.
एकदाच काही सापडलं:
ब्लाउजचा हूक, लाल दोऱ्याने घट्ट शिवलेला.
ताईला तर सुईत दोरासुद्धा ओवता यायचा नाही.
आई तो हूक अंगठ्याने चाचपत राहिली.
म्हणाली, आत कुणीतरी आहे गं बाई तिला.

दुल्लभचा कोळशाचा तुकडा अजून कोनाड्यात होता.
आता पाचवीही मीच मारायचो, पहिल्या चारही मीच.
नव्वद झाल्या. शिरा कुणी केला नाही.
आमच्या कायद्यात तेवढा आकडासुद्धा नव्हता.
दार भरलं, मग मी चौकटीवर गेलो.

हो, म्हटलं रंगाऱ्याला, दुधाचाच.
पत्रा हातात धरून त्याने थोड्या मोजल्या, कंटाळला.
म्हणाला, साहेब,
बरंच देणं राहिलंय की कुणाचं तरी.