सत्तावन्न पाणी पिते

बाबांचा फोन आला तेव्हा मी
कुणाच्यातरी लग्नाच्या झग्याची झालर उसवत होते.
"सुई घेऊन ये," एवढंच म्हणाले.
तीन वर्षांनी.

बस ॲशिंग्टनला पोचेस्तोवर चार वाजले.
मार्च महिना, समुद्रावरून येणारा वारा,
आणि परसात त्यांचं खुराडं, त्याच हिरव्या रंगाचं.
छपरावर मात्र नवीन: रंगवलेले दोन मोठे डोळे,
एक दुसऱ्यापेक्षा जरा खाली.
"ससाणीला भीती वाटावी म्हणून."
"वाटली?"
"परवा डाव्या डोळ्यावर बसून तिने एकाची पिसं सोलली."

खोक्यात, अंधारात,
टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पिशवीला टेकून
सत्तावन्न.
नाव ते ठेवत नाहीत. पायातल्या कड्यावरचे शेवटचे दोन आकडे.
राखी-निळी, पंखावर दोन काळे पट्टे,
मागल्या उन्हाळ्यात फ्रान्सहून एका दिवसात घरी परतलेली.
हे मला कुणी कळवलं नव्हतं.

"वरून काही दिसत नाही," म्हणाले, "आता बघ."
वाटी पुढे केली. तिने चोच बुडवली,
कबुतरं पितात तशी, मान न उचलता, एका दमात,
आणि पाणी छातीतून बाहेर आलं.
पिसांमधून. टॉवेलवर.
जेवढं पीत होती तेवढं सगळं.
तहान तेवढी आत राहत होती.

"डॉक्टर?"
"सोमवारी. तोवर ही राहते कुठली."

टेबलावर दोऱ्याचे तुकडे, टोकं चावून चावून ओली केलेली.
बावीस वर्षं खाणीत ड्रिल धरलेली बोटं,
थंडीत अजूनही मेणासारखी पांढरी पडतात.
सुईचं नाक त्यांना सापडत नव्हतं.
पण धरण्यापुरते हात शाबूत होते.
दोन्ही तळव्यांत ती अशी बसली
जशी मी कधी बसल्याचं मला आठवत नाही.

मी सुई उकळली. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुतली.
भोवतीची पिसं एकेक करून उपटली.
"आत दोन कापडं आहेत," बाबा म्हणाले,
"वर कातडी, मागे दाण्याची पिशवी.
वेगवेगळी शिव. एकत्र शिवलीस तर गेली."
अस्तर आणि झगा.
एवढं मला कळतं.

फाटलेल्या कडेवर मक्याचे तीन दाणे अडकले होते. काढले.
अस्तराला पाच टाके, वरून चार.
तिचं काळीज माझ्या अंगठ्याखाली
कुणीतरी पायडल सोडायला विसरलेल्या मशीनसारखं.
"थर्झा, हळू."
आईच्या दुखण्यात मी का आले नाही
हे त्यांनी विचारलं नाही.
मी टाके मोजत होते.

रात्री खोक्यावर चादर टाकली. दिवा नको, आवाज नको,
सारखं उघडून बघणं तर मुळीच नको.
बाबा तिथेच खुर्चीत बसून राहिले, न उघडता.
शेजारचा डॉड्स म्हणतो, एका कबुतराला विष चोळून ठेव छपरावर,
ससाणीचा प्रश्न मिटेल.
"मग तिने काय दुकानात जायचं?" बाबा म्हणाले,
आणि बराच वेळ स्वतःशीच हसले.
आता रोज वेगळ्या वेळी सोडतात थवा.
कधी सहाला, कधी दहाला, कधी नाहीच.
तिलाही घड्याळ कळतं म्हणे.

सकाळी वाटी.
एक घोट. दुसरा.
आम्ही दोघं तिच्या छातीकडे बघत,
एका कोरड्या जागेकडे
लोक दुर्बिणीतून बघतात तसे.
तिसरा.
"झालर बरी शिवतेस," बाबा म्हणाले.

पिशवीत टिकल्यांच्या पट्ट्या उरल्या होत्या,
कुठल्याशा नवरीला नको झालेल्या.
त्या त्यांनी दोन डोळ्यांच्या मधोमध खिळ्याने ठोकल्या.
बसमधून मागे पाहिलं तर
तिरळं छप्पर लखलखत होतं,
आणि डॉड्सच्या धुराड्यावर
ती,
मान एका बाजूला कलती करून,
विचार करत.