दहिवर न धरलेली सकाळ

उणे सत्तावीस.
बसच्या काचेला आतून बर्फाचं शेवाळ.
नखानं खरवडून मी एक भोक पाडते
आणि माइकमध्ये सांगते,
उजवीकडे सोंगहुआ नदी.
उजवीकडे काहीच दिसत नाही.
सगळे उजवीकडे बघतात.

अकरा हिवाळे हीच बारा वाक्यं.
चिलिन शहर, वरच्या अंगाला धरण,
धरणातून सुटलेलं पाणी, जे गोठत नाही,
त्याची वाफ, ती रात्रभर
काठच्या वाळुंजांना बिलगते,
आणि झुंजूमुंजू होता होता
फांदी न फांदी पांढरी.
बाराव्या वाक्याला मी थांबते.
लोक हरखतात.
तेवढ्यात ड्रायव्हर लुआन चहा संपवतो.

आज तेरावं वाक्य लागलं.
रात्री वारा सुटला होता.
झाडं उभी होती नुसती,
न्हाव्याकडून उठून आल्यासारखी.

चोवीस माणसं, सगळी दक्षिणेची,
भाड्याचे बूट, पोटाला गरम पट्ट्या,
एका मुलीनं फोन काखेत धरलेला, आजारी पिलासारखा,
तरी तो मेलाच.
पैसे परत मिळतील का, कुणीतरी विचारलं.
दहिवराची हमी नाही, कलम सात, मी म्हणाले,
आणि तोंडातून कलमापेक्षा मोठी वाफ निघाली.

काठावर क्वांगबाई गोठलेल्या नासपती विकतात,
कोळशासारख्या काळ्या, दगडासारख्या टणक.
दातानं तोडू नका, त्या ओरडतात,
गार पाण्यात टाका,
ती आपली थंडी बाहेर टाकेल.
खरंच टाकते. फळाभोवती बर्फाचं कवच धरतं
आणि आतलं मऊ होतं.
लहानपणापासून बघतेय, कधी विचार केला नाही.

मोजले तर तेवीस.

हायनानचे फू आजोबा, बोटीवर जन्म गेलेला,
झाडांकडे पाठ करून
घाटाच्या पायऱ्या उतरत होते.
मी झेंडा घेऊन धावले, ओरडले, घसरले.
ते ओणवे बसले, हातमोजा दातांनी ओढला,
बाही सारली,
आणि मनगटापर्यंत हात पाण्यात.

कोमट आहे,
ते म्हणाले, मीच लपवून ठेवल्यासारखं.
तीन-चार अंश, मी म्हणाले. वाक्य सहावं.
कोमट, ते पुन्हा म्हणाले,
आणि थोडे सरकले,
शेकोटीशी सरकतात तसे.

बाबा एकतीस वर्षं धरणावर होते.
रात्रपाळीहून येत तेव्हा अंगाला ग्रीसचा वास,
भिवया पांढऱ्या.
झाडं बघायला एकदाही आले नाहीत.
झाडं काय बघायची, पाणी नीट सुटलं म्हणजे झालं.
आता सहाव्या मजल्यावर हीटरला टेकून बसतात,
ऐकू कमी येतं,
आम्ही हवामानाबद्दल मोठ्यानं बोलतो.

मी हातमोजा काढला.
हवा आधी चावली.
मग पाणी.
कोमट नाही, खोटं कशाला बोलू.
पण कुणी नुकताच खिशातून काढलेला हात
हातात द्यावा, तेवढं.
बोटांमधून जात राहिलं, घाई नसल्यासारखं,
खाली शहराकडे.

बास, आजोबा म्हणाले, बोटं जातील.
त्यांनी रुमाल दिला, त्याला कापराचा वास.
पुसेपर्यंत मनगटावरची लव
एकेक केस पांढरी झाली होती.
आम्ही दोघांनी ती पाहिली.
कुणी काही म्हणालं नाही.

वर लुआननं दोनदा हॉर्न वाजवला.
चोवीस.
क्वांगबाईंची टोपली अर्धी रिकामी,
मुलगी नासपती काखेत धरून बसलेली,
मी रागावले नाही.
बस वळली. मी माइक घेतला,
ओल्या हाताला तो चिकटला.
डावीकडे, मी म्हणाले,
आणि पुढचं वाक्य आठवेना.