डोळ्यांचे वेगळे

माझगावात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर
लोक मुतायचे.
ठरावात फातर्पेकरबाईंनी हाच शब्द घातला होता,
म्हणून मीही घालतो.
'येथे लघवी करू नये' तीनदा रंगवून झालं.
वाचत वाचत करायचे.

मग धोत्रे पेंटर आणला. देव काढायचे,
चौरस फुटाला चाळीस रुपये, डोळ्यांचे वेगळे.
'वेगळे का?'
'काम डोळेच करतात, मॅडम.'

गणपती झाला, शिर्डीचे बाबा झाले,
माउंट मेरी, कडेवर बाळ,
मक्का (डोळे नाहीत, तेवढी बचत),
आणि गुरू नानक. आमच्यात शीख कुणी नाही,
पण रस्ता काय आमचाच आहे?

आठवड्यात भिंत वाळली, वास गेला.
'कलेचा उपयोग झाला,' असं मी इतिवृत्तात लिहिलं.
बाईंनी 'कलेचा' खोडून 'रंगकामाचा' केलं.

मीटरच्या पेटीशेजारी एक चौकोन उरला होता.
देव संपलेले, मंजूर रक्कमही.
तिथं धोत्रेने दुपारभर उकिडवं बसून
एक बाई काढली.
मान किंचित कलती, हातात पितळेचा डबा,
डावा डोळा उजव्याहून बारीक.
कोण म्हणून विचारलं, तर म्हणाला, रंग उरला होता.

वॉचमन तिला देवी समजून झेंडू ठेवायचा.
तळमजल्यावरचे परेरा संध्याकाळी
सिगारेट तिच्यासमोरच ओढायचे, आणि टोपी काढून.
दारूखान्यात जहाजं तोडणारा एक पोरगा
गणपतीकडे पाठ करून तिच्यापुढे जेवायचा,
शेवटचा घास राहिला की थोडं थांबायचा.
कुणी खडूने मिशा काढल्या.
कुणी तरी थुंकी लावून पुसल्या.
मी? मी मीटरचं रीडिंग घ्यायला जायचो.
महिन्यातून चार-पाच वेळा.

गेल्या वर्षी पालिकेचं सुशोभीकरण आलं.
देवांना हात लावायची हिंमत नव्हती,
ही देव नव्हती.
तिच्यावर एक गुलाबी फ्लेमिंगो उभा केला,
एका पायावर, बाजूला बघणारा.
महिन्याभरात तेवढाच कोपरा पुन्हा ओला.

परवा जुन्या फायलीत धोत्रेचं बिल सापडलं.
डोळे: पाच जोड्या.
मी बोटांवर दोनदा मोजलं. बाळ धरून पाच.
तिचे लावलेलेच नाहीत.

खाली गेलो, नखाने पंख खरवडला.
पितळ लागलं.