नखाएवढी वाटी

मुंबई नाक्याच्या हॉस्पिटलात
सबनीस बाईंनी तळहातावर ठेवली:
चांदीची, नखाएवढी वाटी,
कडेला दोन भोकं, टाक्यांसाठी.
ही नुसती नमुन्याची, म्हणाल्या.

मी आधी काठ पाहिला.
चाळीस वर्षं तांबट आळीत हंडे ठोकले,
सवय जात नाही.
ठोक्याची एक खूण नाही कुठे.

बुबुळाच्या कडेला गुलाबी मांस वाढत होतं;
भट्टीची धग लागली असेल,
असं वर्षभर म्हणत राहिलो.
आता खरी वाटी त्यावर पालथी.
चार दिवस.
जाळ नाही, नवसागराचा धूर नाही,
तरी आत काही जळतंय म्हणे,
केसाच्या जाडीचा हिशेब ठेवून.

वासंतीला सातवा महिना.
ती दारातच उभी, डबा नर्सच्या हातात.
"आप्पा, दुखतंय?"
वाळू गेल्यासारखं, म्हणालो,
आणि हाताने खूण केली:
अजून मागे हो.

पाचव्या दिवशी काढली,
लगेच शिशाच्या डबीत.
वजन बघायला मी हात पुढे केला होता.
नाही देता येत, म्हणाल्या.

चार दिवस डोळ्यावर होती.
बोटांना कळलीच नाही.